जेवून निघा, मग जेवायला जाऊ

आमच्या घरी हॉटेलात उपाशी पोटी जायची मनाई आहे. थट्टा नाही करून राहिली, खरंच सांगते. बाहेर जेवायला जायचं ठरलं की आधी घरी ताटं पडतात. सगळ्यांनी पोटभर जेवायचं, हात धुवायचे, कपडे बदलायचे, अन् मग हॉटेलात जेवायला निघायचं. हा नियम माझ्या बाबांचा. बाबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. रेल्वेच्या कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले अन् आई गेल्यापासून माझ्याकडेच राहतात. त्यांना साखर नाही, बीपी नाही, फक्त हट्ट आहे.

लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. विहारात जाताना चप्पल काढायची, हॉटेलात जाताना जेवून घ्यायचं, दोन्ही सारखंच. आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो अन् महिन्यातून एखाद्या रविवारी आईबाबा, मी अन् बहीण असे चौघं जण स्टेशनाकडच्या हॉटेलात डोसा खायला जायचो. त्याआधी आई वरण, भात, भाजी, पोळी असा पूर्ण स्वयंपाक वाढायची. बाबा दारात उभे राहून एकेकाला विचारायचे, पोट भरलं का. भरलं म्हटल्याशिवाय दाराची कडी निघत नव्हती. मग हॉटेलात चौघांत दोन डोसे यायचे. डोशाचा तो कुरकुरीत काठ मला अजून आठवतो अन् तो गिळायला पोटात जागा नसायची, तेही आठवते.

शाळेतल्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तं ती हसून हसून लोटपोट झाली. त्यांच्याकडे उलटं होतं, संध्याकाळी हॉटेलात जायचं असलं की दुपारचं जेवणच बंद. मी घरी येऊन बाबांना विचारलं, आपल्याकडे काहून असं. ते म्हणाले, हॉटेलवाल्याच्या भरवशावर पोट ठेवू नये. बस, एवढंच. मला वाटलं, हॉटेलात उशीर लागतो, लेकरं रडतात, म्हणून म्हणत असतील. पुढे चाळीस वर्षं मी तेच कारण धरून चालले अन् जो विचारेल त्याला तेच सांगत राहिले.

लग्न झालं तेव्हा खरी मजा आली. आमचे साहेब, म्हणजे माझा नवरा, बीरगांवकडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. माणूस गोंदियाचा, पण रायपुरात कोणत्या ठेल्यावर कोणत्या वेळी कढई गरम असते हे त्यांना तोंडपाठ. आलूगुंडा कुठला खावा, म्हणजे तुमचा बटाटेवडा हो, अन् गुपचुपचं, म्हणजे पाणीपुरीचं, पाणी कोणाचं आंबट, कोणाचं नुसतंच तिखट, यावर ते तासभर बोलू शकतात. लग्नानंतर पहिल्यांदा बाबांसोबत हॉटेलात जायचं ठरलं तेव्हा हे महाशय सकाळपासून उपाशी राहिले होते. निघायच्या वेळी बाबांनी त्यांच्यापुढे ताट ठेवलं. जावई माणूस, सासऱ्याच्या हातचं नाही कसं म्हणणार. ते ताट संपवलं, मग हॉटेलात जाऊन तिथलंही संपवलं, अन् मग दोन दिवस ओवा चावत बसले. तेव्हापासून ते बाबांची नजर चुकवून आपली पोळी माझ्या ताटात सरकवतात. मला कळते, पण मी बोलत नाही. नवऱ्याची हाव झाकायची असते, नाही तं लग्नं टिकत नाहीत.

आता रायपूर कुठच्या कुठे गेलं. तेलीबांध्याच्या तलावाला काठाकाठानं रस्ता झाला, दिवे लागले, बाकं आली, खायच्या गाड्या आल्या, समोर काचेची रेस्टॉरंटं उभी राहिली. त्या सगळ्याला गाव मरीन ड्राइव्ह म्हणते. समुद्र आमच्यापासून रेल्वेनं आठ तास लांब, पण नाव ठेवायला काय जाते. मी नवा रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात आहे, माझी बस रोज तिथूनच जाते अन् मी खिडकीतून नव्या पाट्या वाचत असते. कुठे कुठे तं आता मेनूकार्डही देत नाहीत, टेबलावर चिकटवलेल्या चौकोनासमोर मोबाइल धरायचा. बाबांना त्याचा भल्ला राग येतो. माणूस आहे, त्यानं तोंडानं विचारावं काय खाता म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

तर मागच्या वर्षीची गोष्ट. आमची एकच पोट्टी, विशाखापट्टणमला एका कंपनीत नोकरीला आहे. मराठी तिला सगळी समजते, पण उत्तर हिंदीत येते. तिनं फोनवर सांगितलं की ऑफिसातला एक मुलगा तिला आवडतो, तिथलाच आहे, तेलुगू आहे, अन् त्याचे आईवडील आम्हाला भेटायला रायपूरला येणार आहेत. मुलाशी आम्ही व्हिडिओवर बोललो होतो. बरा होता, बोलायच्या आधी ऐकून घेणारा. त्याचे वडील बंदरातल्या नोकरीतून रिटायर झालेले, त्यांचाही काही विरोध नव्हता. सगळं अडलं होतं त्याच्या आईपाशी. त्या नाही म्हणाल्या नव्हत्या, पण हो पण म्हणाल्या नव्हत्या. आधी माणसं पाहते, असं म्हणाल्या होत्या.

त्यांची जात लोक वरची समजतात त्यातली. आम्ही बौद्ध. पोट्टीनं हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, अन् बरोबर केलं, लपवायचं काय त्यात. पण मी आई आहे, मनातून मी घाबरलेली होते. माझी पोट्टी कोणाच्या दारातून मान खाली घालून परत यावी हे मला सहन झालं नसतं. मी तिला विचारलं, त्या बाई पाहतात तरी काय. ती म्हणाली, "मम्मी, आंटी बस इतना देखती हैं कि सामनेवाला साथ बैठके कैसे खाता है।" जो त्यांच्यासोबत बसून पोटभर जेवला तो आपला. ज्यानं ताटात चिवडलं तो परका. मी म्हटलं, एवढंच ना, आपल्या घरात खाण्यात कोण मागं आहे.

घरीच बोलवायचं होतं हो, पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट महिन्याभरापासून बंद होती अन् मुलाच्या वडिलांचा गुडघा दुखतो असं कळलं होतं. म्हणून पोट्टीनंच सांगितलं, बाहेर भेटू. हॉटेल निवडायचं काम साहेबांनी अंगावर घेतलं. त्यांनी मरीन ड्राइव्हवर एक हॉटेल पाहून टेबल राखूनही टाकलं अन् मग मला सांगितलं. समुद्री जेवणाचं हॉटेल. भिंतीवर कोळ्याचं जाळं टांगलेलं, त्यात प्लास्टिकचे खेकडे, दारात अर्धी होडी. त्यांना वाटलं पाहुण्यांना घरच्यासारखं वाटेल. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, गोंदियासारख्या धानाच्या मुलखातल्या माणसाला कोणी परगावी नेऊन पाकिटातला तांदूळ खाऊ घातला तं तुम्हाला कसं वाटेल. ते म्हणाले, कौतुकच वाटेल. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

तो रविवार उजाडला. पोट्टी आदल्या दिवशीच आली होती, ती सकाळी पाहुण्यांना घ्यायला स्टेशनावर गेली. तिथून ती त्यांना परस्पर एक वाजता हॉटेलात आणणार होती. मी साडी नेसत होते अन् मला स्वयंपाकघरातून वास आला. वांग्याची भाजी. तीळ-खसखस वाटून, लाल रस्सा घालून बाबा करतात ती. बाबा सहा वाजल्यापासून ओट्यापाशी उभे होते. भात झाला होता, वरण झालं होतं, वांगी पातेलंभर झाली होती, अन् ताटं मांडलेली होती.

मी म्हटलं, बाबा, आज नको. आज तिथे पाहुण्यांसोबत जेवायचं आहे, तिथे खाणंच पाहणार आहेत. ते ऐकून घेत नव्हते. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. त्यांनी वाढलेलं ताट माझ्यासमोर सरकवलं अन् म्हणाले, "आजच्या दिवशी तं पक्कंच खाऊन जायचं." त्यांचा चेहरा पाहून मी ताटावर बसले. एरवी नियम सांगताना ते मजेत असतात, त्या दिवशी नव्हते. पण तेव्हा मला काही उमजलं नाही, मला फक्त उशीर दिसत होता.

आता एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसानं सहा वाजल्यापासून उभं राहून केलेलं कोण टाकून जाणार. मी म्हटलं दोन घास खाते. पण बाबांची वांगी दोन घासांत थांबत नाहीत. साहेबांनी तं कमालच केली. दरवेळी पोळी सरकवणारा माणूस, त्या दिवशी रस्सा इतका चवदार झाला होता की त्यांनी दोनदा भात मागून घेतला. साडेबाराला आम्ही तिघं तुडुंब पोटानं रिक्षात बसलो. अन् कोणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करून बसलो आहोत. पन्नास वर्षांची सवय होती, सवयीला कुठे डोळे असतात.

पाहुणे हॉटेलाच्या दारातच भेटले, पोट्टी अन् मुलगा त्यांच्यासोबतच होते. मुलाचे वडील उंचपुरे, पांढऱ्या मिशा, हातात काठी. आई लहानखुऱ्या, सुती साडी, केसांत फुलं, अन् नजर अशी की माझ्या पदराची पिनसुद्धा मोजली असेल. त्यांनी माझ्या हातात लोणच्याची बरणी अन् कागदाएवढ्या पातळ पदराच्या मिठाईचा डबा दिला. मुलाचे वडील तलावाकडे पाहून म्हणाले, टॅक्सीवाला म्हणत होता मरीन ड्राइव्हला सोडतो, तं मी मघापासून समुद्र शोधतो आहे. साहेब अगदी गंभीर होऊन त्यांना समजावू लागले की हा समुद्र नसून तलाव आहे. ते काठी टेकून इतके हसले की मिशा हलत होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, सुरुवात तं छान झाली.

आत बसलो. बाबा अन् मुलाचे वडील समोरासमोर, मी अन् त्या बाई समोरासमोर. आम्ही काही मागवायच्या आधीच त्या बाईंनी मुलाला सांगून मागवायला सुरुवात केली. मुलीकडच्यांना आम्हीच जेवू घालणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मासा आला, कोळंबी आली, कोंबडी आली, भाताचे दोन मोठे वाडगे आले, आणखी काय काय आलं. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवायला जागा उरली नाही. वेटर वाढायला पुढे झाला तं बाईंनी त्याच्या हातातून मोठा चमचा घेतला अन् स्वतः उभ्या राहून वाढू लागल्या. आधी बाबांना, मग साहेबांना, मग मला. पुष्कळ वाढलं, मायेनं वाढलं.

मुलाच्या वडिलांनी मासा चाखला, बराच वेळ चावला, अच्छा है म्हणाले अन् पाणी प्यायले. मासा कुठून येतो असं त्यांनी विचारलं. साहेब छाती फुगवून म्हणाले, तुमच्याच विशाखापट्टणमहून, बर्फात ठेवून, रेल्वेनं. ते म्हणाले, म्हणजे आम्ही सोबतच आलो असू. पोट्टी हसली, मुलगा हसला, मीसुद्धा हसले, अन् हसता हसता माझ्या लक्षात आलं की माझ्या पोटात घासभरही जागा नाही.

मी भात इकडून तिकडे केला. कोळंबीचा एक तुकडा तोंडात घातला, तो खाली जाईना. साहेबांकडे पाहिलं तं त्यांच्या कपाळावर घाम. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खाण्याला घाबरलेला मी पाहिला. अन् बाबांनी एक चमचा भात खाल्ला, ताटावर हात आडवा धरला अन् बस म्हणाले. बाई पुन्हा वाढायला वाकल्या. बाबांनी हात हलवला नाही. बाईंनी चमचा खाली ठेवला.

मग त्या खाली बसल्या अन् मुलाला तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. हळूच, पण माझ्या पोट्टीचा चेहरा पांढरा पडला. तिला आता थोडी थोडी तेलुगू समजते. ती माझ्याकडे वाकून पुटपुटली, "मम्मी, आप लोग घर से खाके आए हो ना? आंटी कह रही हैं, इनको हमारे साथ खाना नहीं है।" ज्या एका गोष्टीवर सगळं ठरणार होतं तीच आम्ही घरी वाटीत संपवून आलो होतो. मी काहीतरी सांगायला लागले, ॲसिडिटी आहे, गोळी चालू आहे. त्याच वेळी साहेब म्हणाले की आज त्यांचा उपास आहे. त्यांच्या हातात कोंबडीची तंगडी होती. एवढी लाज मला लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

बाई साहेबांकडे पाहत नव्हत्या. त्या बाबांकडे पाहत होत्या. त्यांनी तोडक्या हिंदीत सरळ विचारलं, "आप हमारे साथ खाना नहीं चाहते?"

बाबांनी हात पुसला. मग त्यांच्या रेल्वेच्या हिंदीत, गाडीची वेळ सांगावी तितक्या साध्या आवाजात, त्यांनी सांगायला सुरुवात केली. ते नऊ-दहा वर्षांचे होते. गाव भंडाऱ्याकडचं. त्यांचे बाबा त्यांना बाजाराच्या गावी घेऊन गेले होते, तीन कोस चालत, सकाळपासून उपाशी. बाजारात हॉटेल होतं, तिथे जेवू म्हणून त्यांना कबूल केलं होतं. हॉटेलात लोक बसून जेवत होते, चुलीवर रस्सा उकळत होता. मालकानं या दोघांना ओळखलं अन् म्हणाला, संपलं. समोर उकळते आहे, असं हे पोरगं बोलून गेलं. त्यावर मालकानं बाहेरच्या खिळ्याला अडकवलेला कान तुटलेला कप दाखवला, चहा घ्यायचा असेल तं घे, बाहेर बस अन् कप धुऊन ठेव. बाबा भुकेनं रडायला लागले. त्यांच्या बाबांनी चहाही घेतला नाही. त्यांना खांद्यावर घेतलं अन् तीन कोस परत चालले.

वाटेत त्यांच्या बाबांनी जे म्हटलं ते मात्र बाबांनी टेबलावर मराठीतच सांगितलं, जसं ऐकलं होतं तसं. "पुढच्या वेळी घरून खाऊन निघू, पोरा. पोट भरलं असलं की कोणाचं नाही म्हणणं लागत नाही."

पोट्टीनं ते वाक्य बाईंसाठी तेलुगूत सांगायला घेतलं. शब्द शोधत शोधत, अडखळत सांगितलं. मी तिच्याकडे पाहूच शकत नव्हते. पन्नास वर्षं मी दारात उभी राहून पोट भरलं म्हणत होते. ते काहून म्हणायचं, हे मला रायपूरच्या मरीन ड्राइव्हवर प्लास्टिकच्या खेकड्यांखाली बसून कळलं. मला रडू आलं अन् रागही आला, त्या मालकाचा आला, स्वतःचाही आला. चाळीस वर्षं मी लोकांना हसत हसत सांगत होते की आमच्या बाबांना उशिराची भीती वाटते.

बाबांचं अजून झालं नव्हतं. ते बाईंना म्हणाले की नोकरी लागली, पगार आला, रायपुरात कोणी मला कधी उठवलं नाही, पण सवय गेली नाही. अन् आज तुमची भीती वाटली. तुम्ही आमच्यासोबत बसता की नाही बसत, माझ्या नातीसमोर काय होते, कोणाला ठाऊक. म्हणून आज सगळ्यांना पक्कं खाऊ घालून आणलं. चूक माझी आहे, पोरांची नाही.

मुलाच्या वडिलांनी जेवण थांबवलं होतं. मला वाटलं, आता उठतात. मग बाईंनी बाबांना विचारलं, घरून काय खाऊन आलात. बाबा म्हणाले, वांग्याची भाजी अन् भात. कोणी केली? मी केली. वाटण कशाचं घातलं? तिळाचं, खसखशीचं. त्यांनी आणखी एक विचारलं, उरली आहे का. साहेबांच्या तोंडून आपोआप निघालं, पातेलंभर आहे. बाईंनी वेटरला बोलावलं, सगळं बांधून द्यायला सांगितलं, पर्स उचलली अन् म्हणाल्या, "चलो, आपके घर।"

मी त्यांना लिफ्टचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मुलाचे वडील काठी घेऊन आधीच उभे राहिले होते. आमच्या जिन्यात ते कसे चढले हे सांगितलं तं एक वेगळी गोष्ट होईल. साहेब प्लास्टिकची खुर्ची घेऊन पुढे, प्रत्येक वळणावर खुर्ची मांडायची, ते बसायचे, दम घ्यायचे, मग खुर्ची उचलून पुढच्या वळणावर. शेजारच्या दीदी दार उघडून पाहत राहिल्या, त्यांना वाटलं आम्ही सोफा विकत घेतला. तिसऱ्या मजल्यावर पोचायला आम्हाला वीस मिनिटं लागली अन् तोपर्यंत सगळे हसून हसून थकले होते.

घरी बाबांनी भाजी गरम केली. मी वाढायला गेले तं त्यांनी मला बाजूला केलं. बाई आमच्या स्वयंपाकघरातच खाली बसल्या, पाय मुडपून, अन् हातानं जेवल्या. पहिल्या घासाला त्यांनी डोळे मिटले. बाबा हातात पळी घेऊन उभे होते, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे. बाईंनी ताट पुढे केलं अन् आणखी मागितली. मग परत मागितली. मुलाच्या वडिलांनी खुर्चीत बसून बोटं चाटली अन् मुलाला म्हणाले की घरी इतकं तिखट का होत नाही. हॉटेलातून बांधून आणलेला मासा कोणी उघडलासुद्धा नाही. संध्याकाळी तो खालच्या मांजरांनी खाल्ला.

हात धुऊन बाई बाबांसमोर आल्या. त्यांनी वाक्य जुळवलं असावं, कारण ते अगदी स्वच्छ हिंदीत आलं. "अब आप हमारे घर आएँगे। खाके मत आना।"

बाबांनी हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाले, "हव." आमच्याकडे छत्तीसगढीत होकाराला हव म्हणतात. बाईंना तो शब्द माहीत नव्हता, पण त्यांनी मान हलवली. माझ्या पोट्टीनं स्वयंपाकघराच्या दाराला टेकून डोळे पुसले. लग्नाबद्दल त्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नाही. बोलायची गरजच राहिली नव्हती.

साखरपुड्याला आम्ही दोन महिन्यांनी विशाखापट्टणमला गेलो. पहाटेची गाडी होती. मी चारला उठून पराठे केले, कारण मला माझ्या बापाची भीती. गाडी सुटली तसा डबा उघडला. बाबांनी तो माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं थोड्या वेळानं खातील. नाश्त्याचा ट्रे आला, तो त्यांनी साहेबांना देऊन टाकला अन् साहेबांनी तो विनातक्रार संपवला. अकरा वाजले, बारा वाजले. मी चिडले. म्हटलं, या वयात उपाशी राहून चक्कर आली तं परक्या गावात मी काय करू, कायले जीवाशी खेळून राहिले. जेवायच्या आधी दोन बिस्किटं तरी खा. ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले की मी त्या बाईला हव म्हटलं आहे. बस. मी बिस्किटं पिशवीत ठेवली, साहेबांनीही तिसरा पराठा खाली ठेवला.

दुपारी दोनला आम्ही उतरलो. मुलगा गाडी घेऊन आला होता. वाटेत एका वळणावर समुद्र दिसला, खरा समुद्र, पार आभाळापर्यंत. मी बाबांना हात लावून दाखवला. त्यांनी पाहिला न पाहिल्यासारखा केला. त्यांनी पुढची सीट घट्ट धरून ठेवली होती. मला वाटलं अशक्तपणा असेल. आता वाटतं, तो अशक्तपणा नव्हता. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस त्या बाजाराच्या दिवसानंतर पहिल्यांदा रिकाम्या पोटानं कोणाच्या तरी दारात चालला होता.

बाई दारातच उभ्या होत्या. नमस्कार व्हायचे होते, हारतुरे व्हायचे होते, पाहुण्यांची ओळख व्हायची होती. बाबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून, चप्पल काढायच्याही आधी, त्यांच्याकडे पाहिलं अन् मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भूख लगी है।"